माझी बोली बचाव मोहीम

६ मार्च

ठरलं. आपली बोली मी वाचवणार. कुणीतरी वाचवायलाच हवी होती आणि मी सोडून बाकी सगळे आपापल्या कामात.

काल आत्याला घरी आणलं. तिची जाऊ गेली. दोघी जावा जन्मभर एकत्र राहिल्या, समोरासमोर बसून वेताच्या खुर्च्या विणल्या. आमच्या लोकांचा धंदाच तो. आता कुणी विणत नाही, सगळे माझ्यासारखे ऑफिसात. बोलीसुद्धा शेवटी या दोघींपुरतीच उरली होती. आता एकटी आत्या. बाहेरची भाषा ती कामापुरती बोलते. चहा, औषध, पंखा बंद कर. त्यापलीकडे तोंडाला कुलूप.

दादा, म्हणजे तिचा मुलगा, मे महिन्यात तिला स्वतःकडे नेणार आहे. विमानाने जावं लागतं इतकं लांब. तो बोर्डिंगात वाढला, त्याला बोलीचा गंध नाही. तिथे ती बोलणार कुणाशी? वाईट वाटतं. तिच्यासाठी आणि बोलीसाठीही.

मला बोली येते. म्हणजे, कळते. म्हणजे, लहानपणी कळायची.

७ मार्च, सकाळी

झोप नाही. डोक्यात लोगो फिरतोय. गोल हवा की चौकोनी?

बायकोने विचारलं, आत्याशी बोललात का. तिला सांगितलं, आधी स्ट्रक्चर, मग कन्टेन्ट. टाइल्स कंपनीत एवढी वर्षं सेल्सच्या पोरांना ट्रेनिंग देतोय ते उगाच नाही. तिने 'बरं' म्हटलं. तिचं 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही.

११ मार्च

समिती स्थापन. अध्यक्ष मी. सचिव चष्मेवाला. आमच्यातलाच, लांबचा भाऊ लागतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या चष्म्यांच्या दुकानावर रिकामा हॉल आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक, बॅनर सांगितलं. दर रविवारी वर्ग. चष्मेवाल्याची सूचना होती की पहिल्या दिवशी नुसतं जमू, गप्पा मारू. गप्पांनी भाषा वाचत असती तर मेली कशाला असती? सूचना फेटाळली. गोल लोगो मंजूर.

आत्या खिडकीशी बसून असते. मी समोरून गेलो की मान वर करून बघते. मीही मान हलवतो. आमचं बरं जमतंय.

१५ मार्च, रविवार

हॉल भरला! खुर्च्या कमी पडल्या. काही लोक उभे. एक म्हातारे गृहस्थ बॅनर बघून रडले. मलाही भरून आलं, पण अध्यक्षाने रडायचं नसतं.

मी दीड तास बोललो. बोलीचं महत्त्व, बोलीची घसरण, बोलीचा रोडमॅप. चष्मेवाल्याने मध्येच कानाशी येऊन विचारलं, हे सगळं बोलीत कधी होणार. त्याला सांगितलं, ही प्रस्तावना आहे.

मग आत्याला माइकपुढे बसवलं. म्हटलं, बोल. काहीही बोल. ती माझ्याकडे बघत राहिली. मी हातवारे केले. ती बघतच राहिली. शेवटी तिने बाहेरच्या भाषेत विचारलं, घरी कधी जायचं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगले लोक आहेत.

१६ मार्च

विचार केला. दोष माइकचा. उभा माइक बघून माणूस बुजतो. कॉलरला लावायचा छोटा मागवला.

बायको म्हणाली, तुम्ही जरा तिच्याजवळ बसा. मला बसवत नाही, इतकी कामं आहेत. व्हिजिटिंग कार्डं यायची आहेत.

२२ मार्च

कॉलरचा माइक. आत्या पुन्हा गप्प. तोच माझ्याकडे बघण्याचा प्रकार. तिला काहीतरी हवंय असं वाटतं, पण काय हवंय ते ती सांगत नाही. मग माणसाने करायचं काय?

रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं. पंख्याचा आवाज उत्तम आलाय.

लोक कमी होते. परीक्षांचे दिवस असावेत.

२४ मार्च

सकाळी आंघोळीला बादली नाही! शोधली तर गॅलरीत. त्यात वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या. गॅलरीतली फाटकी वेताची खुर्ची भंगारात द्यायची म्हणून बायकोने उचलली होती, आत्याने ती हातातून काढून घेतली म्हणे. आता दोघी ती विणतायत. पट्ट्या चष्मेवाल्याच्या माळ्यावर पडून होत्या, त्याने आणून दिल्या. मला न विचारता. सचिवाने अध्यक्षाला विचारायला नको?

बायको औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, घरी आली की पाय चोळत बसते. आणि आज बघतो तर खुर्चीच्या पलीकडे मांडी घालून बसलेली, खालून पट्टी ओढतेय. आमचं काम असंच दोघांचं असतं. एकाने वरून पट्टी घालायची, समोरच्याने खालून ओढून घ्यायची. पण ती आमच्यातली नाही, लग्न करून आलेली. तिला कसं जमणार? सौम्य शब्दांत तसं सांगितलं. ती म्हणाली, बादली संध्याकाळी मिळेल.

मगाने आंघोळ केली. ऑफिसला उशीर.

२९ मार्च

वर्ग. विषय: बोलीचं भवितव्य, भाग दोन. पुढच्या दोन ओळी भरल्या होत्या. फीडबॅक फॉर्म वाटले. एकाने लिहिलं, 'बोली ऐकायला मिळाली तर बरं होईल.' निनावी फॉर्म ठेवणं ही चूकच झाली.

आत्याला आणलं नव्हतं. बायको म्हणाली, ती कामात आहे. ऐंशी वर्षांची बाई, रविवारी कसली कामात?

२ एप्रिल

ऑफिसातून आलो तर दारात चपलाच चपला. म्हटलं कोण गेलं की काय. आत माझ्या वर्गातल्या पाच बायका! प्रत्येकीने घरून मोडकी खुर्ची आणलेली. टीपॉय भिंतीला टेकवून ठेवलेला. आत्या एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जात होती, पट्टी हातात घेत होती. आणि बोलत होती!

धडाधड बोलत होती. हसत होती. एका बाईच्या हातावर चापट मारून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. काय म्हणाली, कुणाला ठाऊक. मी दारातच उभा राहिलो. वडील असं बोलायचे. अगदी असंच, शेवटी आवाज वर नेऊन.

मग भानावर आलो आणि हजेरी घ्यायला कागद काढला. बायकोने तो काढून घेतला.

आमची मुलगी कॉलेजातून आली, दप्तर टाकलं आणि सरळ खुर्चीखाली. रात्री जेवताना तिने समजावलं. आपल्या कामात म्हणे धाकट्याने आधी बोलायचं असतं. खाली बसणारा धाकटा, त्याने 'बसू का' असं विचारायचं, मग वरच्याने उत्तर द्यायचं, मग बोलणं सुरू. वरच्याने आपणहून सुरुवात केली तर तो हुकूम होतो, आणि हुकूम फक्त परक्याला करतात. म्हणून आत्या माइकपुढे गप्प बसली. ती वाट बघत होती. तिच्या आईने पहिल्या दिवशी खाणाखुणांनी विचारलं, तेव्हा आत्याने 'बसू का' कसं म्हणायचं ते तिला आधी शिकवलं आणि मग उत्तर दिलं.

फारच इंटरेस्टिंग माहिती आहे. लगेच स्लाइड केली.

५ एप्रिल

स्लाइड अप्रतिम झाली होती. बाण, दोन माणसांची चित्रं, धाकटा निळा, मोठा केशरी. बघायला चष्मेवाला आणि एक गृहस्थ. गृहस्थ नंबर तपासायला आले होते, जिना चुकले.

तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणजे विषयात दम आहे.

१२ एप्रिल

बॅनर, मी, खुर्च्या. चष्मेवाल्याने निरोप ठेवला, घरी काम निघालं. एकटा अर्धा तास येरझाऱ्या घातल्या. मग वाटलं, सराव म्हणून भाषण करावं. केलं. हॉलमध्ये आवाज छान घुमतो.

१९ एप्रिल

हॉलला जाण्यात अर्थ नाही. घरीच थांबलो. तर साडेदहाला चष्मेवाला आला! माझी माफी मागायला आला असेल म्हणून मी पुढे झालो. तो मला नमस्कार करून बाजूने आत गेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खुर्चीखाली आडवा झाला. घरी काम निघालं म्हणजे माझ्या घरी!

सगळे बोलत होते. चुकत होते, आत्या सुधारत होती, पुन्हा चुकत होते. बायको फोनवर दुकानातल्या मुलीशी बोलतानाही चुकून बोलीत 'हो' म्हणाली. मला बसायला जागा नव्हती. जागा होती, पण जमिनीवर, आणि माझे गुडघे. शिवाय अध्यक्षाने सगळ्यांदेखत 'बसू का' विचारायचं? चूक झाली तर मोहिमेची काय इज्जत राहील?

स्वयंपाकघर, गॅलरी, स्वयंपाकघर असा फिरत होतो. बायको म्हणाली, अहो, बसा जरा, भोवळ येते तुमच्याकडे बघून.

२६ एप्रिल

निर्णय. मी घरचा वर्ग अधिकृतपणे मोहिमेत सामील करून घेत आहे. भिंतीवर लोगो लावला. आत्याने त्यावर ओल्या पट्ट्या वाळत टाकल्या.

बोलीचा अभ्यास मी स्वतंत्रपणे करणार. रोज दहा शब्द. मुलीला यादी मागितली. ती म्हणाली, यादी नाही, बाबा, आत्याजवळ बसा. आजकालच्या मुलांना सिस्टिम म्हणून काही कळत नाही.

२ मे

दादा आला. तिकिटं घेऊन. मी त्याला मोहिमेची माहिती दिली, कार्ड दिलं. तो आत्याची बॅग भरायला लागला. ती गेली की संपलं सगळं.

आत्याने बॅग उघडली आणि कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. मग बोलीत बरंच बोलली. दादाला कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं. मी अध्यक्ष. मी बायकोकडे बघितलं.

बायकोने सांगितलं. आत्या म्हणते, जाऊ गेली तेव्हा मीही गेलेच होते. इथे माझ्या समोर माणसं बसतात. मी नाही येणार. तुला आठवण आली तर तू ये, खाली बस, मी शिकवीन.

दादा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मोहीम यशस्वी. अहवाल लिहायला घेतला.

३ मे, रविवार

दादा दुपारी गेला. एका तिकिटाचे पैसे बुडाले, त्याचं त्याला काही वाटलं नाही असं म्हणाला.

रात्री आम्ही चौघेच जेवायला. तिघी बोलीत बोलत होत्या. मी वरण वाढून घेत अहवालातली वाक्यं जुळवत होतो. आत्या हात धुवायला उठली आणि उठताना माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. एकच वाक्य. बायको आणि मुलीने एकमेकींकडे बघितलं.

मी विचारलं, काय म्हणाली. बायको म्हणाली, काही नाही, जेवा. मी म्हणालो, मोहिमेबद्दल असेल तर मला कळलंच पाहिजे. मग मुलगी म्हणाली, "आत्या विचारते, हा सगळ्यांशी बोलतो. माझ्याशी का बोलत नाही?"

मी म्हणालो, बोलतो की. रोज बोलतो. पंखा लावू का, गोळी घेतली का.

"कुठल्या भाषेत, बाबा?"

बायको म्हणाली, ती हे महिनाभर विचारतेय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही सांगितलं नाही.

जेवण गेलं नाही. सांगायला कारणं होती. ऑफिस, गुडघे, स्ट्रक्चर. ती राहू दिली. मुलीला हळूच विचारलं, 'बसू का' कसं म्हणतात. माझ्याच स्लाइडवर त्याचं चित्र आहे, शब्द मात्र मी घातलेच नव्हते. तिने कानात सांगितलं. चारदा म्हणवून घेतलं.

आत्या बाहेर अर्धी विणलेली खुर्ची समोर घेऊन बसली होती. मी गेलो, उभा राहिलो, म्हणालो. चुकलं असणार, तिच्या भुवया वर गेल्या. पण तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी जमिनीवर बसलो. गुडघे करकरले.

मग ती बोलायला लागली. हळूहळू, माझ्याकडे बघत, वडील बोलायचे तसं शेवटी आवाज वर नेत. खूप वेळ बोलली. मध्ये वडिलांचं नाव आलं, तेवढं ओळखलं. बाकी मला एक अक्षर कळलं नाही.