मागची रांग

९ मे २००६

जुन्या जीपने आज मारेगावच्या अलीकडे मान टाकली. ढकलत नेली. सलीमभाईंनी बॉनेट उघडलं, आत बघितलं, परत लावलं. म्हणाले, "डॉक्टरसाब, अब इसको छोड दो." वीस वर्षांची मेकॅनिकी, पण गाडी गेली की घरचं माणूस गेल्यासारखं तोंड करतात.

गॅरेजच्या मागे एक सेकंडहँड गाडी उभी. तीन रांगा, चारही चाकांना जोर. रस्त्याच्या ठेकेदाराची होती. चांगलं काय? उंच आहे, दगडाला पोट लागणार नाही. नाल्यातून जाईल. आणि मागच्या रांगेत समोरासमोर दोन बाकडी, ती भिंतीला दुमडली की माणूस आडवा झोपवता येतो. मला गाडी हवी ती एवढ्यासाठीच. झरीच्या या कोपऱ्यातून यवतमाळचा मोठा दवाखाना गाठायचा म्हणजे पेशंटच्या नशिबाची परीक्षा, आणि माझ्याकडे सलाईनच्या पुढे काही नाही.

वाईट काय? धूड आहे नुसतं. डिझेल पिणार. स्टिअरिंग फिरवून खांदे भरून येतात. मागच्या दारातून धूळ.

घरी माधुरीला सांगितलं. ती म्हणाली, सात माणसांची गाडी आणि घरात आपण दोघं, बाकीचे पाच कोण? तिला यवतमाळला परत जायचंय, तिथल्या गल्लीत मावेल अशी छोटी गाडी हवीय. तिचंही चूक नाही.

१४ मे

आणली. नामदेवने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. नामदेव माझा कंपाउंडर, इथे आलो तेव्हापासून सोबत. मला उठायला उशीर झाला तर मलाच रागावतो. त्याने मागची बाकडी दुमडून पाहिली, उघडली, पुन्हा दुमडली. मग हाताने जागा पुसली आणि म्हणाला, "इथंच झोपवून नेऊ सुनंदाले. पोट दुखलं की लगेच."

सुनंदा त्याची एकुलती पोरगी. बायको गेल्यावर त्यानेच वाढवली. गावातच दिलीय, देवरावच्या पोराला. नवरा आदिलाबादकडे कामाला. पहिलटकरीण आहे, पोळ्याच्या आसपास दिवस भरतात. ती पण आली होती गाडी पाहायला. मागे चढून बसली, पाय हलवत. काका, मस्त हाय, म्हणाली.

२१ जून

गाडीची खरी परीक्षा. नाल्याला गुडघ्याच्या वर पाणी. लहान गियर टाकला, अशी गेली की मी एकटाच मोठ्याने हसलो. जुनी जीप असती तर तिथेच अंघोळ.

आणि लगेच पुढे देवरावच्या वावराच्या कडेला काळ्या मातीत बसली. चारही चाकं फिरतायत, गाडी खाली खाली. वजन जास्त, दुसरं काय. देवराव बैल घेऊन आला. त्याची ती पांढरी जोडी, सर्जा आणि पवन्या, पोरांसारखी जपतो. दोर बांधला, बैलांना फक्त नावाने हाक दिली. गाडी बाहेर. वर मला म्हणतो, "चारी चाकं फिरून राह्यली डॉक्टर, पन गाडी कुठंच जाऊन नाई राह्यली!"

आजूबाजूच्या वावरातली माणसंही हसली. बऱ्याच दिवसांनी इथे कोणी हसताना पाहिलं. तीन वर्षं कापसाने लोकांचे चेहरे काढून घेतलेत.

२६ जून

नवा दोष. मागे फार आदळते. स्प्रिंगचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले, गाडी रिकामी असली की मागचा भाग उडतो. म्हणजे जिथे पेशंट झोपणार तिथेच सगळ्यात जास्त धक्के. ज्याने बनवली त्याला इथे आणून एकदा झोपवायला पाहिजे. सलीमभाई म्हणाले, वजन टाका, शांत होईल. नामदेवने सरकीची दोन पोती आडवी टाकली, वर गादी. बरं झालं थोडं.

३ जुलै

पलीकडच्या पोडावरचा, आदिवासी पाड्यावरचा तरुण. औषध घेतलेलं. फवारणीचं. मी गाडी चालवतोय, नामदेव मागे बाटली धरून. मारेगावच्या पुढे नामदेवने काचेवर टकटक केली. थांबलो नाही. काय उपयोग थांबून.

परत आणायला कोणी तयार होईना. काळीपिवळी टॅक्सीवाला तर हात जोडून पळाला. माझ्याच गाडीतून आणला. त्याचा बाप मधल्या रांगेत बसला होता. उतरताना माझ्या पाया पडला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

१२ जुलै

पुन्हा. या वेळी बाई. दवाखान्यात पोचली, रात्र काढली, गेली. परत आणली, मागेच.

माधुरी जेवताना म्हणाली, "तू नेलंस ते कोणी लक्षात ठेवणार नाही. आणलंस ते ठेवतील." मी चिडलो. मग काय रस्त्यावर सोडून यायचं होतं? ती म्हणाली, नाही रे, तसं नाही म्हणत मी.

२० जुलै

नामदेव गेला.

सकाळी ड्रेसिंग करता करता भिंतीला टेकला. घाम. डावा हात. मला कळलं, त्यालाही कळलं. मागे झोपवला. जिथे बसून तो बाटल्या धरायचा तिथे. आज धरायला माधुरी. नाल्याच्या उतारावर म्हणाला, "मांगं लई आदळते, डॉक्टर." सरकीची पोती होती तरी. नंतर काही बोलला नाही.

माझा माणूस होता. पुढे लिहवत नाही.

२९ जुलै

गावात आता ठरून गेलंय. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण ठरलंय. मधल्या रांगेत बसला तो वापस येतो, मागच्या रांगेत झोपला तो येत नाही.

आणि हिशेब पाहिला तर खोटा नाही! न्युमोनियाचं लेकरू आईच्या मांडीवर, मधल्या रांगेत, वाचलं. हात मोडलेला म्हातारा मधल्या रांगेत, वाचला. जो बसूच शकत नाही तो मुळातच जास्त आजारी असतो, म्हणून तर झोपवून न्यावं लागतं. हे मी कोणाला समजावू? काल एका तापाच्या माणसाला समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि पायी निघून गेला.

गाडीचे गुणदोष लिहायला बसलो होतो. उंची, गियर, डिझेल, पाटे. हा दोष कोणत्या रकान्यात टाकू?

६ ऑगस्ट

मारेगावला गेलतो. सलीमभाईंना म्हटलं, विकून टाका. ते खूप वेळ चहा ढवळत राहिले. म्हणाले गाडीत काही खराबी नाही, इंजिन सोन्यासारखं आहे, पण तुमच्या भागातला कोणी घेणार नाही आणि बाहेरचा चौकशी करूनच घेईल. मग म्हणाले, बाकडी कायमची उघडून ठेवा, झोपायची जागाच दिसली नाही तर लोक विसरतील.

त्यांनी बाकडी उघडून नटबोल्टने पक्की केली. गाडी पुन्हा सात माणसांची. गावात आणली. दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या बायांनी पाहिलं. एक म्हणाली, बाकडं लावलं, पन जागा तीच हाय ना.

१४ ऑगस्ट

सुनंदाला तपासलं. पायावर सूज, तोंडावर सूज. बीपी वाढलंय. डोकं दुखतं म्हणते. मला हे बिलकुल आवडलेलं नाही. आत्ताच यवतमाळला दाखल करायला पाहिजे, कळा सुरू व्हायची वाट पाहत बसायचं नाही. सासूला, गिरजाबाईला, स्पष्ट सांगितलं. पोरगी आणि पोटातलं, दोन्ही जाऊ शकतात.

गिरजाबाई वाईट नाही. सुनेला पोरीसारखं वागवते. तिने सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "तिचा बाप त्याच्यातच गेला ना, डॉक्टर. मी तिले त्याच्यात कशी टाकू?"

काळीपिवळीने न्या म्हटलं. ती नाल्याच्या या बाजूला येत नाही. बैलगाडीने डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून काळीपिवळी, असं देवरावने ठरवलं. पण लगेच नाही. पोळा झाल्यावर. पोळ्याच्या तोंडावर घरची लक्ष्मी बाहेर काढत नाहीत म्हणे. मी ओरडलो. ओरडून काय होतं. सुनंदा जमिनीकडे पाहत बसली होती.

१८ ऑगस्ट

बीपी आणखी वर. गोळ्या दिल्यात. रोज दोनदा जातो, आता कुत्रीही भुंकत नाहीत. गाडी घरीच ठेवून पायी जातो. दारात गाडी दिसली की गिरजाबाईचा चेहरा उतरतो.

२२ ऑगस्ट

खांदेमळण. देवराव बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होता. चोळून झालं, मग हात जोडून त्यांना म्हणाला, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दर वर्षी म्हणतात.

सुनंदाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणे. देवरावला बाजूला घेऊन विनवलं. उद्या काही झालं तर? उद्या बैलांना जू लावता येत नाही, तूच सांगतोस. मग कशाने नेशील? तो म्हणाला, "उद्या काई नाई होनार डॉक्टर. देव एवढा वाईट नाई."

मी डिझेल भरून ठेवलंय. दुसरं काय करू.

२३ ऑगस्ट, पोळा. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याच्या आवारात, संध्याकाळ

झालंच. दुपारी तोरणाखाली बैल उभे राहायच्या आधी निरोप आला. कळा, आणि एक झटका येऊन गेलेला. गाडी घेऊनच गेलो. इंजेक्शन दिलं. म्हटलं, उचला. कोणी उचलेना. गिरजाबाई उंबऱ्यात आडवी बसली, रडत.

देवराव गोठ्यात गेला. मला वाटलं, तिथे बसून रडणार. बैल घेऊन बाहेर आला. शिंगांना रंग, बाशिंगं, अंगावर नव्या झुली, पुरणपोळीचा घास अजून तोंडात. त्याने बैलगाडीचं जू उचललं आणि पोळ्याच्या दिवशी त्यांच्या खांद्यावर ठेवलं. कालच्या हळदीवर. गावातली माणसं बघत होती, कोणी पुढे आलं नाही, कोणी अडवलंही नाही.

त्याने आयुष्यात न केलेलं पाप केलं, पण माझ्या गाडीला हात लावला नाही. माझ्या गाडीबद्दल याहून जास्त कोणी काही सांगू शकणार नाही.

सुनंदा आणि गिरजाबाई बैलगाडीत, ती पुढे, मी मागे. पहिल्या गियरमध्ये. बाशिंगं बांधलेले बैल आणि मागे माझं ते चार चाकांचं धूड. नाला त्यांनीही ओलांडला, मीही. रडू येत होतं आणि राग येत होता. कोणाचा ते कळेना.

डांबरी रस्त्यावर काळीपिवळी नव्हती. पोळ्याला कोण गाडी काढतो? आम्ही उभे. सुनंदाला पुन्हा झटका येईल या भीतीने मी तिचा हात धरून होतो. गिरजाबाई रस्त्याकडे बघतेय, माझ्या गाडीकडे नाही.

मग सुनंदाच उठून बसली. कशी बसली, तिलाच माहीत. "काका, पुढं बसते. मांगं नाई."

सीट जितकी मागे झुकेल तितकी झुकवली. पट्टा पोटाखालून बांधला. गिरजाबाई मधल्या रांगेत, सुनेच्या डोक्याला हात लावून. मागच्या रांगेत कोणी नाही. देवराव आला नाही. आरशात दिसला, बैलांचं जू काढून त्यांच्या पायांशी बसलेला.

रस्ताभर सुनंदा डोळे मिटून होती. एकदा म्हणाली, इथं आदळत नाई. मारेगावच्या पुढे दुसरा झटका. मी एका हाताने स्टिअरिंग, एका हाताने तिला धरून.

आत नेलीय. ऑपरेशन म्हणतात. बाळाचे ठोके मंद आहेत म्हणतात. सुनंदाबद्दल विचारलं तर म्हणाले, बघू. मी डॉक्टर आहे. "बघू" म्हणजे काय ते मला माहीत आहे.

२४ ऑगस्ट, तान्हा पोळा

सकाळ झाली. रस्त्यावर पोरं लाकडी बैल ओढत चाललीत, चाकांचा खडखडाट. गिरजाबाई पायरीवर बसून तिकडे बघतेय. चहा दिला, तसाच निवला.

ऑपरेशन झालं. बाळ काचेच्या पेटीत ठेवलंय. सुनंदा शुद्धीवर आलेली नाही. यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

माधुरीचा फोन आला. देवराव पहाटेपासून गावच्या शिवेवर बसून आहे म्हणे. बैलांना चारा घातला, स्वतः पाणीही घेत नाही. गाडीत कोण कुठे बसून येतं, ते त्याला सगळ्यांच्या आधी पाहायचंय.

गाडीत येऊन बसलोय. टूलकिटमध्ये सलीमभाईंचा पाना आहे. मागची बाकडी तशीच पक्की. नर्स दारात आली की मला कळेल, बाकडी तशीच ठेवायची की बोल्ट काढून दुमडायची.

आत्ता दार उघडलं. नर्सने दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं.