एकाही अक्षराला हात लावू नये

४ जानेवारी, सकाळी
संकल्प. हिचं पुस्तक छपाईसाठी मी स्वतः तयार करणार.
नोंद राहावी म्हणून थोडक्यात. हिने आयुष्यभर कॉलेजात जर्मन शिकवलं. हिला जर्मन शिकवणाऱ्या बाईंनी जाताना हिला मधमाश्यांवरचं एक जुनं जर्मन पुस्तक दिलं, कुणा खेड्यातल्या शाळामास्तराने लिहिलेलं. निवृत्त झाल्यापासून ही त्याचं भाषांतर करत होती. ते आता पुरं झालं. डाव्या पानावर मूळ जर्मन, उजव्या पानावर भाषांतर. दोन्ही हिने कॉम्प्युटरवर टाइप केलंय, पण साध्या अक्षरांत. मूळ पुस्तक मात्र त्या जुन्या, काळ्याभोर, टोकदार अक्षरांत आहे. माझं म्हणणं, डावं पान तसंच दिसलं पाहिजे. पुस्तकाला त्याचा पोशाख हवा.
ही म्हणाली, पोशाखाचं राहू द्या. आधी साध्या अक्षरांत मोठ्ठं छापून द्या, मला मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवून एकदा तपासायचंय. डोळ्यांचं काही खरं नाही.
डोळ्यांचं डॉक्टरांनीही सांगितलंय. मधली नजर जाते आहे, कडेचं दिसत राहील. वाचायचं ते उन्हाळ्याच्या आत वाचून घ्या म्हणाले.
म्हणजे वेळ भरपूर आहे. सगळं सिलेक्ट करायचं, फॉन्ट बदलायचा. एका दुपारचं काम.

५ जानेवारी
सुरुवात जागेपासून केली. हिच्या अभ्यासाच्या खोलीत उजेड चांगला येतो, म्हणून ती मी घेतली. ही जेवणाच्या टेबलावर बसेल. तसंही तिला उजेडाचा आता फारसा उपयोग नाही.
दोन नियम घालून दिले. दार बंद राहील. आतल्या माणसाला हाक मारायची नाही.
हिने दोन्ही नियम लगेच मान्य केले. सहजीवनात असे क्षण येतात.

११ जानेवारी
फॉन्ट निवडण्यात आठवडा गेला. गेला म्हणण्यापेक्षा लागला. मी या अक्षरांना गॉथिक म्हणतो. ही म्हणते, यांना फ्राक्टुर म्हणायचं, गॉथिक वेगळं. ऑफिसात आवक-जावक विभागाचा प्रमुख म्हणून मी अक्षरांत आयुष्य काढलं. माझ्या हाताखालून गेलेल्या पत्राचा समास कधी वाकडा गेला नाही. नावावरून वाद घालत बसायला मला सवड नव्हती.

१४ जानेवारी
एक अडचण. या अक्षरांत म्हणे एस दोन असतात. शब्दाच्या आत उंच, शेवटी बुटका. मी निवडलेल्या फॉन्टमध्ये उंच एस डॉलरच्या कीवर ठेवलाय. अशीच काही जोडाक्षरंही टक्का आणि चौकोनी जाळीच्या कीवर आहेत. म्हणजे डॉलर दाबायचा आणि पडद्यावर उंच एस उमटतो. फॉन्ट करणाऱ्याची हुशारी.
ही म्हणाली, हे फार जुनं फॉन्ट झालं, आता नवीन निघालेत, ते एस आपोआप बरोबर लावतात, तसलं घ्या. मी म्हटलं, आपोआप होतं त्यात जीव नसतो.
त्यावर ही काही बोलली नाही. पटलं की ही बोलत नाही.

१५ जानेवारी, दुपारी
सगळे एस एका आज्ञेत डॉलर केले. एक क्लिक. हिने हे काम महिनाभर केलं असतं.

१५ जानेवारी, संध्याकाळी
शेवटचे एसही डॉलर झाले. आता ते हाताने परत आणायचे. शिवाय ही म्हणते, जर्मन शब्द डब्यांसारखे एकमेकांना जोडलेले असतात, सांध्यावर आलेला एससुद्धा बुटकाच राहतो. सांधे कुठे आहेत ते मला विचारा.
मला नियम आठवले. आतल्या माणसाला हाक मारायची नाही, तसं आतल्या माणसानेही बाहेर विचारायला जायचं नाही. सांधे मी नजरेने ठरवीन.

२ फेब्रुवारी
हिचं भिंग मी घेतलं. अक्षरांच्या टोकांना शेपट्या नीट आल्यात का, ते पडद्यावर बघायला लागतं. ही म्हणाली, मला वाचायला लागेल. म्हटलं, पुस्तक तुझंच चाललंय ना?
संध्याकाळी मेहुणी आली. म्हणजे हिची धाकटी बहीण, आमच्या मागच्याच गल्लीत राहते, आणि राहते कसली, इथेच असते. येताना दुसरं भिंग घेऊन आली, दिव्याचं. कशाला उगाच. बायकांना वस्तू जमवायची हौस.

९ फेब्रुवारी
प्रकरणांची शीर्षकं उठावदार हवीत, म्हणून सगळी कॅपिटल अक्षरांत केली. काय भारदस्त दिसतात. नमुन्याचं पान छापून हिला दाखवलं. हिने भिंग लावलं, पान वळवलं, पुन्हा लावलं. म्हणाली, मला वाचता येत नाही.
वाईट वाटलं. नजर इतकी उतरली असेल असं वाटलं नव्हतं.
ही म्हणाली, डोळ्यांचं नाही हो, ही अक्षरं सगळी कॅपिटल कधीच लावत नाहीत, जर्मन माणसालाही वाचता यायची नाहीत. आजारी माणूस आजार कबूल करत नाही.
मेहुणीने पान हातात घेतलं आणि विचारलं, भावोजी, ही खिडकीची जाळी कुणाच्या घराची?
तिला जर्मन येत नाही. तिच्या मताला किंमत देत नाही.

१२ फेब्रुवारी
हिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा नेहमीच्या वाचनातलं पान बरं, म्हणून माझं नमुन्याचं पान मी डॉक्टरांना दिलं आणि म्हटलं, यावर तपासा.
डॉक्टरांनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. म्हणाले, काका, आज कुणाचे डोळे तपासायचेत, यांचे की माझे?
ही हसली. खूप दिवसांनी हसली. माझ्यामुळे.
डॉक्टर मात्र नंतर म्हणाले, अपेक्षेपेक्षा लवकर चाललंय. वाचायचं ते पुढच्या महिनाभरात उरकून घ्या.
घरी येताना रिक्षात हिने विचारलं, पुस्तक साध्या अक्षरांतच छापता का आता? म्हटलं, इतकं पुढे आल्यावर मागे जाऊ? थोडा धीर धर. पंधरा दिवसांत मूळ रूपात हातात देतो.
हिने रस्त्याकडे मान वळवली. धीर धरणार असं दिसलं.

२८ फेब्रुवारी
पंधरा दिवस झाले. विलंबाची कारणं: एक, समास. दोन, मी मध्ये पान मोजणी बदलली आणि डाव्या पानावरचं उजवीकडे गेलं. राणी माशीच्या जर्मनसमोर भाषांतरात पोळ्याला लागणारी कीड आली. तीन, बाहेरचा आवाज.
बाहेरच्या खोलीत दोघी बहिणी रोज दुपारी काहीतरी वाचत बसतात. मेहुणी मोठ्याने वाचते, ही मध्ये थांबवते, पुन्हा वाचायला लावते. पानं उलटल्याचा आवाज येतो. मासिकं असणार. ज्या बाईला महिनाभरच वाचायला मिळणार आहे तिने मासिकांत वेळ घालवावा याचं नवल वाटलं. पण मी नियम पाळतो. दारावर फक्त आतून टकटक केली.
आवाज कमी झाला. म्हणजे ऐकू येतं.

१९ मार्च
हिने आज चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. मला वाटलं, लक्ष नव्हतं. मेहुणी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, भावोजी, ताईला आता समोरचं माणूस दिसत नाही.
मी म्हटलं, मी तर आतल्या खोलीत असतो.
ती म्हणाली, तेही बरंच आहे.
कामाची कदर हळूहळू होते.

२ एप्रिल
काम पूर्ण. हिला जाऊन सांगितलं. तिने हात पुढे केला, म्हणून हातात पान दिलं. पानावरून बोटं फिरवली आणि विचारलं, मथळे अजून कॅपिटलच आहेत का?
म्हटलं, अर्थात.
म्हणाली, बरं.
आजवर एवढी सहज संमती कधी मिळाली नव्हती.

५ एप्रिल
फाइल छापखान्यात पाठवली. छापखानेवाला म्हणाला, काका, पीडीएफ करून द्या, फॉन्ट त्यात बसवून. मी म्हटलं, पीडीएफ म्हणजे फोटो. मला अक्षरं जिवंत हवीत. मूळ फाइलच घ्या. तो म्हणाला, मग तुमचा फॉन्ट वेगळा पाठवा, आमच्या मशिनवर तो नाही. फॉन्ट मी महिने घालवून शोधलाय. असा कुणालाही वाटत सुटायला तो चहाचा कप नव्हे.
सोबत सही करून सूचना दिली. मजकुराच्या एकाही अक्षराला हात लावू नये. ऑफिसात मी असंच लिहायचो आणि कुणीही लावत नसे.

८ एप्रिल
छापखानेवाल्याचा फोन. काका, तुमच्या जर्मन पानांवर सगळीकडे डॉलर दिसतायत. आणि टक्के.
मला हसू आलं. त्याला समजावलं. डॉलर म्हणजे उंच एस. डॉलर दिसतोय म्हणजे मी बरोबर की दाबली आहे. हीच तर खूण.
तो म्हणाला, काका, छापताना पण डॉलरच येणार.
मी म्हटलं, तुम्ही जर्मन शिकलात का? नाही ना? सूचना वाचा आणि छापा.
त्याने सूचना वाचून दाखवली. मग म्हणाला, तुमचं पुस्तक, तुम्ही सांगाल तसं.
अशी माणसं हवीत.

२४ एप्रिल, सकाळी
पुस्तकं आली. गठ्ठे खोलीत लावून घेतले. वरचा एक फोडला.

२४ एप्रिल, दुपारी
डॉलर छापलेत.
अक्षरंही ती नव्हेत. वर्तमानपत्राच्या जाहिरातीतली साधी अक्षरं, आणि प्रत्येक ओळीत डॉलर, टक्के, जाळ्या. मधमाश्यांवरचं पुस्तक बँकेच्या पासबुकासारखं दिसतंय. छापखानेवाल्याने हात लावायला हवा होता. चांगला माणूस समजून घेतो.
हिला सांगायचं की नाही, यावर विचार केला. हिला दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं दुःख कशाला द्यायचं? सांगणार नाही. हा माझा मोठेपणा आहे, पण कुठे बोलणार नाही.
जेवताना एक प्रत हातात दिली. हिने हुंगली, कडा चाचपली. म्हणाली, कागद चांगला आहे.
कागद मी निवडला होता.

३ मे, रविवार
आज हिचे कॉलेजातले सहकारी आणि जुने विद्यार्थी घरी आले. प्रकाशनच म्हणायचं. पुस्तकं मी रंगीत कागदात बांधून ठेवली होती आणि सगळ्यांना सांगितलं, घरी जाऊन उघडा, तोवर उत्कंठा राहते. मग मी बोललो. अक्षरांच्या वळणाबद्दल, संयमाबद्दल. लोक घड्याळाकडे बघत होते, पण ऐकत होते.
मग ही म्हणाली, एक पान जर्मनमधून वाचा कुणीतरी, मला ऐकायचंय.
हिची एक विद्यार्थिनी उठली. आता स्वतः जर्मन शिकवते. रंगीत कागद फोडू लागली. मी म्हटलं, त्यापेक्षा गाणं म्हणा. तोवर तिने पुस्तक उघडलं होतं. पान बघितलं. पुढचं बघितलं. मग माझ्याकडे, मग हिच्याकडे.
मेहुणी उठली. हिच्या कपाटातून कागदांचा एक जाड गठ्ठा काढला आणि तिच्या हातात दिला. साधी अक्षरं. मोठ्ठी. कडेला पेन्सिलने हिच्या हातच्या खुणा, शेवटी शेवटी ओळ सोडून तिरक्या गेलेल्या.
विद्यार्थिनीने वाचलं. घडाघडा. एका ठिकाणी अडखळली, तर हिने न बघता पुढचा शब्द सांगितला. एका वृद्ध प्राध्यापकांनी डोळे पुसले. म्हणाले, बाई, एवढं सगळं तपासलंत, या डोळ्यांनी?
ही म्हणाली, वेळेत झालं. घरात शांतता होती.

३ मे, सगळे गेल्यावर
विचारलं, तो गठ्ठा कधी छापला?
म्हणाली, जानेवारीत. तुम्ही फॉन्ट शोधत होतात त्या आठवड्यात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पाऊण तासात दिला.
म्हणजे रोज दुपारी मासिकं नव्हती; मेहुणी भाषांतर वाचत होती आणि ही भिंगातून मूळ जर्मन.
विचारलं, मग मला का सांगितलं नाहीस? मी तीन महिने मान मोडून बसलो होतो.
ही म्हणाली, तुम्ही आत होतात. दार बंद होतं. लग्न झाल्यापासून मला एवढा वेळ कधी मिळाला नव्हता.
मेहुणी खरकटे कप गोळा करत होती. तिची पाठ हलत होती. रडत असावी.
डॉलरांचं कधी कळलं, तेही विचारलं. छापखानेवाल्याने माझ्याशी बोलण्याआधी हिला फोन केला होता. हिने त्याला सांगितलं, ते म्हणतात तसं छापा, माझं पुस्तक दुसरीकडे होणार आहे. खरं पुस्तक हिच्या कॉलेजने मागच्याच आठवड्यात छापायला घेतलंय. नवीन फॉन्टमध्ये. एस आपोआप लागतात.

४ मे
रात्रभर विचार केला. निष्कर्ष असा की माझ्या कामाने वातावरण तयार झालं. वातावरणाशिवाय पुस्तक होत नाही.
हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, खरंच आहे. आणि माझा तो दोन खंडी जर्मन कोश आहे ना, तोही जुन्या अक्षरांत लावून ठेवा. सावकाश. घाई नाही.
दोन खंड. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

५ मे, सकाळी
पहिल्या खंडाला सुरुवात. गठ्ठे खुर्चीखाली सरकवले. आता लपवायचं काही नाही, म्हणून दार मुद्दाम उघडं ठेवून बसलो.
ही भिंतीला हात लावत लावत आली. चौकटीपाशी थांबली. वाटलं, काही विचारेल. मी म्हटलं, ये ना, बस.
हिने चाचपून कडी धरली आणि दार लावून घेतलं. बाहेरून.
मला वारा लागू नये म्हणून असेल.
खिडकी बंद होती.