भवानीआधी मागितलेली बंदूक

सरावली, बोईसर
ता. ९ डिसेंबर १९९८

तीर्थस्वरूप दाजी भगवंतराव यांच्या पायांवर महादूचे डोके.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. नर्मदाअक्काचा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात तिने एरंडाचे पान बांधल्याचे कळवले होते, पण पान गरम करून बांधते की तसेच, हे कळवले नव्हते. त्या काळजीत माझे दोन दिवस जेवण गेले नाही.) माझा खोकला आहे तिथेच आहे. चिरंजीव कारखान्यात पहिल्या पाळीला जातो, सूनबाई उषा घर सांभाळते आणि मी दुकान. दुकान अजून आहे. येत्या सोमवारनंतर असेल की नाही हे तुमच्या हातात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सावकाश वाचावे, चष्मा लावून वाचावे.

गेल्या मंगळवारी तुम्ही मला टीव्हीवर पाहिलेच असेल. माझ्या तोंडावर त्यांनी बारीक बारीक चौकोन टाकले होते, म्हणजे मला कोणी ओळखू नये, आणि आवाजही रेड्यासारखा केला होता. पण अक्काने विणलेला जांभळा मफलर त्यांनी जसाच्या तसा ठेवला. तसा मफलर महाराष्ट्रात दुसरा नाही, हे अक्कालाही मान्य आहे. तेव्हा ज्याला बातमीत ‘बंदुकांचा किरकोळ विक्रेता’ म्हटले तो मीच. मी काय विकतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मीठ, डाळ, साबण, तंबाखू आणि शेवेची पुडी.

हे कसे घडले ते सांगायचे तर मूळ तुमच्यापर्यंत येते. रागावू नये. अठरा वर्षांपूर्वी मी गाव सोडून इकडे दुकान घालायला निघालो, तेव्हा तुम्ही मला तुमच्या दुकानात तराजूवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. दिवसाची भवानी होईपर्यंत, म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा हातात पडेपर्यंत, तोंडातून ‘नाही’ काढायचे नाही. माल नसला तरी ‘उद्या मिळेल’ म्हणायचे आणि तोवर दुसरे काहीतरी द्यायचे. आपण जसे दुकान बंद केले म्हणत नाही, वाढवले म्हणतो, तसेच ते. अठरा वर्षे मी ते पाळले. एकदा एकाने भवानीआधी हार्मोनियम मागितले, त्यालाही मी उद्या या म्हणालो. (तो खरेच आला. पण तेव्हा भवानी झाली होती.)

एरवी यात अडचण नसते. डोंगराकडचा झिपरू रोज पहाटे कारखान्याच्या बांधकामावर जाताना तंबाखू घेतो आणि माझी भवानी होते. सहा वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नाही. पण भात कापून झाले की त्याच्याकडची माणसे वीटभट्टीवर जातात. यंदा पहिल्यांदाच झिपरू आणि त्याची बायको मंगळीही डोक्यावर गाठोडी घेऊन निघाली, तेव्हा दुकानापुढे थांबून तो म्हणाला, “शेट, आमी होळीला येतांव. तवर दुसरा कोणी पाय ठेवणारा बघ.” मी हसलो. दाजी, मी हसायला नको होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पाळी बदलायच्या वेळी एक चष्मेवाला आणि खांद्याला मोठी पिशवी लावलेली एक मुलगी आली. पहिलेच गिऱ्हाईक. चष्मेवाला इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “चाचा, बंदूक मिलेगी क्या?” आता भवानी व्हायची होती. तुम्हीच सांगा मी काय करणार. मी म्हणालो, मिळेल, उद्या या. त्याने विचारले, छोटी की मोठी? मी म्हणालो, दोन्ही. त्याने विचारले, गोळ्या? मी म्हणालो, त्याही उद्याच. मग त्याने पुढे न विचारता दुसरे काहीतरी घ्यावे म्हणून मी खाली हात घालून साबण काढला आणि म्हटले, तोवर हा घेऊन जा, लिंबाचा वास आहे. त्यांनी घेतला. पैसा हातात पडताच मी सांगितले की बाबांनो, बंदूक वगैरे इथे काही नाही, कधी नव्हती, मी माळकरी माणूस आहे. चांगला अर्धा तास सांगितले, तुमच्या शपथेसकट. मुलगी पिशवी सारखी करून नीट ऐकत होती. मला वाटले, शहरातली असून किती अदबीची पोर.

मध्येच अण्णा ठेकेदार सुपारी घ्यायला आले. अण्णांच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल असते हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते वाकले की दिसते. ते बरोबर पिशवीपुढे उभे राहिले. चष्मेवाला म्हणाला, “साहब, ज़रा साइड में.” अण्णा बाजूला झाले. त्या वेळी याचा अर्थ मला कळला नाही.

मंगळवारी शेजारच्या झुंबरकडे आम्ही सगळे टीव्ही बघायला बसलो (झुंबर म्हणजे रिक्षावाला, त्याच्याकडे केबल आहे). दाजी, काय ती विद्या. पिशवीला डोळा होता हे तेव्हा समजले. माझे दुकान एवढे मोठे, एवढे अंधारे आणि एवढे भयंकर आहे हे मला अठरा वर्षांत कळले नव्हते. मागे असे वाद्य वाजत होते की उडदाचे पोते बघूनसुद्धा छातीत धडधडले. पोत्याभोवती लाल गोल काढला होता. ‘मिळेल.’ ‘दोन्ही.’ ‘त्याही उद्याच.’ मग माझा हात हळूहळू खाली जातो, आणखी हळू जातो, तिथेच थांबतो. खरे सांगतो, मलाच घाम फुटला की आता हा म्हातारा खालून काय काढतो. शेजारच्या हिराबाईने डोळे झाकले. आणि तिथेच जाहिरात लागली. साबणाचीच. पण माझा साबण काही वर आला नाही, आणि तो अर्धा तासही कुठे आला नाही. अर्धा तास माणूस बोलतो आणि त्यातले तीन शब्द निवडून घेतात, ही काय साधी नजर झाली? आपण डाळ निवडतो तेव्हा खडे टाकून डाळ ठेवतो. त्यांना उलटे येते.

जाहिरातीनंतर अण्णा ठेकेदार दिसले, पोटापासून वर. खाली ‘जागरूक नागरिक’ असे लिहिले होते. अण्णा म्हणाले की अशा दुकानांमुळे आमच्या लेकीबाळींना बाहेर पडणे कठीण झाले आहे. म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. झुंबर म्हणाला, “काका, पिस्तूल कापला बघा त्यांनी, बटन बराबर ठेवला.” मी पाहिले. खरेच, शेवटचे बटण होते, त्याखालचे जग नव्हते.

आता खरे संकट ऐका. त्या दिवसापासून नेहमीची गिऱ्हाइके दुकान सोडून चार पावले लांबून जातात. पहाटे पहिला येतो तो बंदूक मागणारा. एक तारापूरचा आला, एक वसईहून आला, एक तर वाण्याच्या जावयासारखा सभ्य होता. एवढ्या लोकांना बंदूक हवी होती आणि कुठे मागावी हे माहीत नव्हते, ते टीव्हीने त्यांना कळवले. मी प्रत्येकाला उद्या या म्हणतो. तो साबण न घेताच निघून जातो, भवानी होत नाही, आणि दुसरा येतो. असे सात जण झाले.

आठवे हवालदार. परवा सोमवारी सकाळी आले आणि काउंटरवर काठी ठेवून म्हणाले, “म्हातारबा, एका शब्दात सांग. बंदूक आहे का?” दाजी, तुमची शपथ घशात आडवी झाली. मी म्हणालो, साहेब, आधी एक काडेपेटी घ्या, मग सांगतो. त्यांनी काडेपेटी घेतली. पैसे दिले नाहीत. पोलीस देत नाहीत, आणि फुकट दिल्याने भवानी होत नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मी दुसरी काडेपेटी दिली. पाच काडेपेट्या झाल्यावर ते म्हणाले, “हा काय प्रकार आहे? मी काय दुकान उघडतोय का?” उषाने आतून पैसे आणून पुढे केले, पण घरच्यांची भवानी चालत नाही हे तुम्हीच शिकवले आहे. शेवटी हवालदार म्हणाले, येत्या सोमवारी सकाळी ते टीव्हीवाले परत येणार आहेत, साहेबही येतील. त्यांच्यासमोर एकदा स्वच्छ ‘नाही’ म्हण, प्रकरण मिटेल. नाहीतर दुकानाला टाळे आणि तू गाडीत. उषा त्या दिवसापासून पोळी लाटताना रडते. मुलगा म्हणतो, बाबा, एक शब्द तर आहे. त्याला काय सांगू? हाच शब्द मी अठरा वर्षे सकाळचा जिभेवर येऊ दिला नाही, म्हणून तर त्याची फी भरली गेली.

तेव्हा शपथेतून मोकळे करत असल्याचे दोन ओळींचे पत्र उलट टपाली पाठवावे. अक्काला नमस्कार, आणि पान गरम करूनच बांधावे.

आपला,
महादू

ता. क. पत्र वेळेत पोचेल याचा भरवसा वाटत नाही. त्यापेक्षा रविवारच्या एस.टी.ने स्वतःच यावे. पाहुण्याची भवानी चालते, तुम्हीच एकदा म्हणाला होता. सोमवारी पहाटे दुकानात येऊन शेवेची एक पुडी घ्यावी, म्हणजे तुमची शपथही राहील आणि माझे दुकानही. मफलर मी पेटीत ठेवला आहे.

ता. क. २. मफलर परत काढला. टीव्हीवाले येणार तर त्याच्याशिवाय मला कोण ओळखणार, असे झुंबर म्हणतो.

ता. क. ३. येताना तुमच्या माळ्यावरची रानडुकरांसाठीची ठासणीची बंदूक चुकूनही आणू नये. एवढे मात्र कळवावे की ती अजून वाजते का, आणि तुम्हाला तिचा काही उपयोग राहिला आहे का. सात जणांना मी शब्द दिलेला आहे, आणि आपल्या दुकानाचा शब्द आजवर खोटा पडलेला नाही.