राष्ट्राध्यक्षांसाठी स्वस्त पेट्रोल

१ सप्टेंबर १९८०, सोमवार. अमेरिकेचा कामगार दिन.

आज मिरवणूक निघाली. पोलादाचा कारखाना बंद पडल्यामुळे तीत कामगार नव्हते. बँड होता, आगीचा बंब होता आणि पक्षाचा गावप्रमुख या नात्याने मी होतो. एका गृहस्थाने माझ्याकडे पाहून हात हलवला. तो माशी हाकलत होता, असं रोझलीचं मत. बायकोने राजकारणात पडू नये.

चालता चालता सिद्धान्त सुचला. लोक भाषणं ऐकून मत देत नाहीत, भाव बघून देतात. अर्थव्यवस्था कोणी डोळ्यांनी पाहिली आहे? पण हमरस्त्यावरचा माझ्या पंपाचा उंच भावफलक अख्खं गाव रोज पाहतं. तो आकडा खाली, की नोव्हेंबरच्या निवडणुकीत आमचे राष्ट्राध्यक्ष पुन्हा वर. आमचं ओहायो राज्य जिंकलं की देश जिंकला. म्हणजे देशाचं भवितव्य माझ्या आकडे बदलायच्या काठीच्या टोकाला आहे.

संध्याकाळी गॅलनमागे दोन सेंट उतरवले. रोझली म्हणाली, "नफाच मुळी तीन सेंट आहे." म्हटलं, मग एक उरतो की!

५ सप्टेंबर, शुक्रवार

रांग! पार चर्चच्या कोपऱ्यापर्यंत. आणखी दोन सेंट उतरवले. आता एक सेंट तोटा. पण तोटा हा शब्द व्यापाऱ्याचा. राष्ट्रकार्यात त्याला त्याग म्हणतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

विरोधी पक्षाचा अँडी पॅवलिक आला होता. कारखान्यात बावीस वर्षं भट्टीवर होता, आता घरी असतो. टाकी फुल्ल करून म्हणतो, "बघितलंस एमिल? आमचा उमेदवार अजून निवडूनसुद्धा आला नाही, तोच तेलकंपन्या टरकल्या. उतरले भाव!"

म्हटलं, अरे बाबा, भाव मी उतरवलेत.

"तू?" असा हसला की टोपी पडली. "तुझं ऐकतो कोण? घरात तरी ऐकतात का?"

रोझली खिडकीत होती. तीही हसली. हे अनावश्यक होतं.

मतदाराला कार्यकारणभाव समजावून द्यायला हवा. उद्या बोर्ड रंगवणे.

२० सप्टेंबर, शनिवार

बोर्ड लावला: "ही स्वस्ताई राष्ट्राध्यक्षांच्या कृपेने". दुपारी एका बाईंनी गाडीतून उतरून मला विचारलं, "मग चार वर्षं कुठे गेली होती ही कृपा? आत्ताच बरी आठवण झाली!" मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून अनुमोदन दिलं. पेट्रोल मात्र सगळ्यांनी भरलं.

बोर्ड काढला. सत्य सांगायचं नसतं, जाणवू द्यायचं असतं.

पक्षाच्या जिल्हा कार्यालयातल्या मिसेस प्रुइटना फोन करून योजना सांगितली. म्हणाल्या, "वा, वा, फारच छान." मग माझं नाव विचारलं. मग वर्गणी मागितली. राष्ट्राध्यक्ष निवडून आल्यावर वॉशिंग्टनला इंधन सल्लागार समिती नेमतीलच. मी स्वतःहून विषय काढला नाही. शोभत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बँकेकडून कर्ज घेतलं. पंप तारण. पंप रोझलीच्या वडिलांनी बांधलेला आणि तिच्या नावावर, म्हणून सही तिची लागली. मॅनेजर व्याजाचा दर सांगताना स्वतःच ओशाळला. "या भावात हल्ली कोणी कर्ज घेत नाही हो."

व्याज इतकं का चढलं, हे रोझलीने त्याला विचारलं. तो माझ्या कोटावरच्या पक्षाच्या बिल्ल्याकडे पाहत राहिला.

बाहेर आल्यावर म्हणाली, "एमिल, हा पंप गेला तर माझ्याकडे बाबांचं काही उरणार नाही." म्हटलं, पंप जाईल कसा? निवडून आल्यावर व्याज उतरणारच. ती गाडीत बसली आणि तिने दार धाडकन लावून घेतलं. विचार पटला असावा.

१५ ऑक्टोबर, बुधवार

विजय! समोरचा व्हर्न टॅकेटचा पंप बंद झाला. माझ्या भावापुढे टिकला नाही. आता रस्त्यावर एकच भावफलक, माझा.

औपचारिक सहानुभूती दाखवायला गेलो. व्हर्न होजपाइप गुंडाळत होता.

"तुझ्यावर राग नाही, एमिल," म्हणाला. "तू तरी काय करणार? तुझ्या साहेबाने देशाचं वाटोळं केलं, त्यात मी गेलो. दोन तेलसंकटं काढली मी, पण हा माणूस नाही झेपला. हे मी चर्चमध्ये एकूण एक माणसाला सांगणार आहे."

खरं कारण सांगावंसं वाटलं होतं. पण त्याच्या हातात होजपाइप होता, आणि तो जड असतो.

टॅकेट, त्याचे दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि कामावरची दोन माणसं. एवढी मतं गेली. भरून काढण्यासाठी आणखी एक सेंट उतरवला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

गसला कामावरून कमी केलं. आमचा मेकॅनिक, माझ्या लग्नाआधीपासून इथे आहे. तात्पुरतंच, निवडणुकीपर्यंत. त्याला नीट समजावलं, की राष्ट्राध्यक्ष आले की रोजगार वाढेल, आणि वाढला की पहिला नंबर तुझा.

गसने हात पुसले. "म्हणजे रोजगार वाढवायला तू माझा काढतोयस?"

"तसंच काही नाही..."

"नाही, मला फक्त घरी काय सांगायचं ते कळू दे."

संध्याकाळी बातम्यांत बेकारीचे आकडे सांगत होते. टीव्ही बंद केला. आकडे निवडणुकीच्या तोंडावर मुद्दाम फुगवतात.

२ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून परतताना कोणी फारसं बोललं नाही. निकालाआधी लोक गंभीर असतात. रोझलीला मंगळवारी विजयोत्सवासाठी अक्रोडाचे गोड रोल करायला सांगितलं, तीस माणसांचे. म्हणाली, "कुठली तीस माणसं?"

४ नोव्हेंबर, मंगळवार. मतदान.

पहाटेपासून दोन महिन्यांतला सर्वांत स्वस्त भाव. लोक टाक्या भरत आणि सरळ मतदानाला जात. मी प्रत्येकाच्या काचा पुसल्या. अँडीने काच खाली करून हात मिळवला. "आजचा दिवस आमचा! तुझं पेट्रोल लाभलं रे."

जेवणं उरकायच्या आत टीव्हीवर निकाल लागला. देश गेला, ओहायो गेला, आणि आमच्या गावात तर चर्चाच नको.

रोल कोणी खायला आलं नाही. रोझली टेबलाशी बसली होती. सहज विचारलं, तू तरी मत आपल्यालाच दिलंस ना?

"बँकेत सही केली त्याच दिवशी ठरलं होतं माझं," म्हणाली, आणि रोल झाकून ठेवले.

स्त्रियांचं मतदान भावनिक असतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टँकर आला नाही. माझा चेक परत गेला म्हणे. जमिनीतल्या टाक्या कोरड्या. बँकेचा पहिला हप्ता भरण्याजोगं घरात काही नाही, म्हणून रोझलीने स्वतःच फोन करून पंप विकायला काढला. दलालाचा माणूस पाटी ठोकायला आला तेव्हा ती बाहेर येऊन खिळे हातात धरून उभी राहिली. त्याला एकेक देत होती. मला जवळ बोलावलं नाही.

ती आत गेल्यावर अँडीची गाडी धापा टाकत आली.

"हे काय एमिल, तूसुद्धा? अरे, गावात आता पेट्रोलच नाही! तुला कोणी बुडवलं रे?"

सिद्धान्त पहिल्यापासून सांगायचा, तर वेळ लागला असता.

"राष्ट्राध्यक्षांनी," मी म्हणालो.

अँडीने गाडीतून उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतके दिवस हेच तर ओरडतोय मी. चल, कॉफी पाजतो. गाडी ढकलू."

कॉफीच्या दुकानात सगळे होते. अँडीने माझी बातमी सांगितली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी म्हटलेलं सर्वांना पटलं. गसने मान हलवली. व्हर्न टॅकेट बाकावर सरकला आणि त्याने मला शेजारी जागा करून दिली.