जावयाला दिलेला पत्ता

आई,
पाया पडते. मी खुशाल आहे. नवी खोली उबदार आहे, शेजारीणही मायाळू. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस.

इथल्या कोर्टाने घटस्फोट दिला. पण ह्यांच्या देशात घटस्फोट हा प्रकारच नाही. तिथे पाऊल टाकलं की मी पुन्हा त्यांची बायको, असं वकीलबाई म्हणाल्या.

शिवणाच्या दुकानावरच्या माझ्या खोलीचा पत्ता तू ह्यांना फोनवर दिलास, असं दादाने सांगितलं. जावयाने "आई" म्हटलं की तू विरघळतेस. रागावले नाही गं.

परवा ते दुकानात आले. कोटाचं अस्तर उसवलंय म्हणाले. मी टाचण्या लावत होते, त्या हातातून सांडल्या. त्यांनी शांतपणे एकेक वेचून दिली आणि म्हणाले, "दोघांची तिकिटं काढलीत. घरी गेलो की सगळं ठीक होईल."

मी त्याच संध्याकाळी दुकान आणि वरची खोली सोडली.

पुन्हा फोन आला तर तोडून बोलू नकोस, जेवलात का विचार. मी कुठे आहे विचारलं, तर माहीत नाही म्हण. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून या पत्रावर पत्ता घातलेला नाही.

तुझी,
धाकटी