गावातलं शेवटचं फुल तिकीट

प्रिय अजिनाथ,

पत्र बघून घाबरू नकोस. माझी तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत, शेळीही बरी आहे. घरात फोन असताना आईनं पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. तर फोनवर तू दर दोन वाक्यांनी ‘हं, हं’ करतोस, आणि मागून कुणीतरी तुला सर म्हणून हाक मारतं. पत्रात तुला हं म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

आपल्या गावची एसटी बंद करायचं डेपोत चाललंय. मागच्या महिन्यात तुला हे सांगितलं तेव्हा तू ‘अरेरे’ म्हणालास खरा, पण तुझ्या आवाजाला आनंद झाला होता. आईला एवढं ऐकू येतं. तुझ्या अण्णांचा तेरावा उरकल्यावर तू म्हणालास, चल पुण्याला. मी म्हणाले, गावात गाडी येतेय तोवर मी इथं, ती बंद झाली की मुकाट्यानं येते. तेव्हा मला काय माहीत! तू बालवाडीत होतास तेव्हापासून ती येतेय, उन्हाळ्यात, पावसाळ्यात, एकदा तर मागचं चाक हलत असताना आली होती. बीडला नवी रेल्वे आली ती बघायलाही अख्खा गाव ह्याच गाडीनं गेला. आणि गाडी नसली तर माझं खरंच भागत नाही. गोळ्या नेकनूरला, बाजार नेकनूरला, पुस्तकं बीडच्या वाचनालयात. तेव्हा दिलेला शब्द माझ्याच अंगाशी आलाय, आणि तो तुला चांगला लक्षात आहे हे मला माहीत आहे.

दिवाळी झाली आणि टोळ्या ऊसतोडीला गेल्या. जे शिकले ते तुझ्यासारखे आधीच पुण्याला. दुपारी पारावर उभं राहिलं तर गावात माणसांपेक्षा कुलपं जास्त दिसतात. पेपरात वाचलं की आपल्या राज्यातली जवळजवळ निम्मी माणसं आता शहरात राहतात. उरलेली निम्मी खेड्यात, म्हणजे आम्ही. पण आम्ही तिकिटानंही निम्मेच आहोत रे. बायकांना हाफ, पासष्टच्या पुढच्यांना हाफ, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट, शाळेतल्या पोरांना हाफ. फुल तिकीट लागतं ते फक्त धडधाकट, कमावत्या पुरुषाला, आणि तो जिन्नस आपल्याकडं दिवाळीनंतर मिळत नाही.

त्यात एक जानेवारीचा घोळ. आधार कार्डं काढायला माणसं आली होती तेव्हाचं तुला आठवत असेल. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून मशीनवाल्यानं सगळ्यांना एक जानेवारी देऊन टाकली. सालही अंदाजानं, जे एका ओळीत बसले होते त्यांना एकच. परिणाम असा की अण्णांच्या वयाची ती सगळी ओळ यंदाच्या एक जानेवारीला एकदम पासष्टची झाली. रात्री फुल म्हणून निजले आणि सकाळी हाफ होऊन उठले. शहेबाज कंडक्टर त्या दिवशी एकेकाचं कार्ड बघत गाडीभर फिरला आणि शेवटी खाली बसून म्हणाला, “मावशी, ह्या गावात एका रात्रीत काय साथ आली का? काल तर सगळे जवान होते!”

गाडी वाचवायची म्हणून आम्ही आधी काय केलं, तर गाडीत बसलो. रोज बसलो. काम असो नसो. आश्रुबा तर रोज नेकनूरला दाढी करायला जायला लागले. चौथ्या दिवशी न्हाव्यानं हात जोडले, “बाबा, आता दाढी न्हाई, कातडं निघंल.” भामाबाई जायची, स्टँडवर बसून शेंगा खायची आणि त्याच गाडीनं परत यायची. आठवडाभर उभं राहायला जागा नव्हती. आम्हाला वाटलं, जिंकलो. तेव्हा शहेबाजनं आपली पिशवी हलवून दाखवली. वाजलीच नाही. म्हणाला, “गाडी भरली, पिशवी खाली. साहेब इचारतात, एवढी माणसं हायत तर एक बी फुल तिकीट कावून न्हाई?” सवलतीचं सरकार भरून देतं, हे मी पेपरात वाचलंय आणि त्याला सांगितलंही. तो म्हणाला, ते बरोबर, पण साहेबांना असं वाटायलंय की ह्या गावात कमावतं कुणी राहातच न्हाई, मग तिथं गाडी कुणासाठी पाठवायची?

मग पारावर बैठक. बंकट म्हणाला, “माझ्या शेळ्या न्या. त्यांला सवलत न्हाई, सगळ्या फुल हायत.” आणि दुसऱ्या दिवशी खरंच दोन घेऊन आला. शहेबाज दारात आडवा उभा राहिला. त्याचं आणि बंकटचं असं जुंपलं की शेवटी एक शेळी दोघांच्या मधून शिरली आणि ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली, शहाण्यासारखी. तिला उतरवायला अर्धा गाव लागला.

मग मीच सुचवलं की पुरुषांनी कार्ड खिशातच ठेवायचं आणि मुकाट्यानं फुल काढायचं. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी कुणाच्या शेताचा बांध कोरलाय. बबनराव सरपंच होते ना, त्यांना पुढाकार घ्यावाच लागला. त्यांचं तर आणखी वेगळं. निराधार योजनेचा पगार लवकर सुरू व्हावा म्हणून त्यांनी कार्डावर वय वाढवून घेतलेलं, आणि आता छाती काढून सांगायला लागले की मी बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेला, मी कुठला म्हातारा! हिशोब केला तर ते माझ्यापेक्षाही लहान निघतात, आणि माझ्या लग्नात तर ते चांगले मिशीवाले होऊन पंगतीत वाढत होते.

डेपोचे साहेब तपासणीला गाडीत बसले त्या दिवशी बबनरावांनी मिशीला कलप लावला आणि ओरडून फुल तिकीट मागितलं. साहेब तरुण आहेत, फार सभ्य. त्यांनी मिशीखालचं पांढरं बघितलं आणि शहेबाजलाच झापलं, “ज्येष्ठ नागरिकांना फुल तिकीट देता? आजोबा, कार्ड काढा. तुमचा हक्क आहे तो.” बबनरावांचा हात आपोआप खिशात गेला. मागून आश्रुबांनीही काढलं, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. एवढ्या सभ्य माणसापुढं काही चालत नाही बघ. मी त्यांना हात जोडून म्हटलं, साहेब, गाडी बंद करू नका. ते म्हणाले, “मावशी, मलाही वाईट वाटतं. पण वर लिहायचं काय मी? एक तरी खरं फुल तिकीट दाखवा, म्हणजे लिहायला मला तोंड राहील.” पुढच्या महिन्यात ते पुन्हा येणार आहेत. त्यानंतर निकाल.

उन्हाळ्यात तुझ्याकडं राहिले त्याची आठवण होते मला. तुम्ही दोघांनी फार केलं, योगितानं तर माझ्यासाठी भाकरी शिकून घेतली. पण तुमच्या एका इमारतीत आपलं गाव बसून वर जागा उरेल, आणि जिन्यात कुणी भेटत नाही. लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या, मी विचारलं, कुठल्या तुम्ही? तर म्हणाल्या, “सातव्या मजल्याची.” सकाळी मी गेटवर जाऊन उभी राहायचे, ते तुला आवडायचं नाही. पण तिथं मला करमायचं. वॉचमन आष्टीचा, भाजीवाला गेवराईकडचा, समोरच्या कामावर विटा उचलणारं जोडपं तर नेकनूरच्या पलीकडचं. मी त्यांच्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, आमची सगळी फुल तिकिटं इथं येऊन उभी आहेत होय! वॉचमनला मी विचारलं, गावाकडं कधी जाणार? तो म्हणाला, “आई मेल्यावर एकदम गेलतो, आता बघू.” त्याच्यावर मी रागावले नाही. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि तू योगिताला विचारलंस की भाजीत तिखट जास्त झालं का.

तिकडं तुमच्याकडं माणूस आहे आणि त्याला जागा नाही. इकडं जागा आहे, माणूस नाही. अण्णा असते तर म्हणाले असते, ह्याच्यावर सरकारनं एक एसटी सोडावी.

अण्णांचं सांगते. बायकांना हाफ झालं त्या दिवशी आम्ही बाजाराला निघालो होतो. ते शहेबाजला म्हणाले, “लिही. एक फुल, एक हाफ.” आणि माझ्याकडं बघून, “आता तू माझ्या निम्मी हायस.” मी म्हटलं, निम्म्यात पोचतेय तर तिथंच ना, जिथं तुम्ही पोचता? गाडीभर हसले. मग तीच रीत पडली. आम्ही चढायचो, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचो, ते खिडकीशी, आणि शहेबाज लांबूनच ओरडायचा, “एक फुल, एक हाफ!” परत येताना माझी पुस्तकं त्यांच्या मांडीवर. त्यांना स्वतःला वाचायचा कंटाळा, पण नाव मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, ह्यात कोण मरतं ते आधी सांग.

तेही त्या एक जानेवारीच्या ओळीतलेच होते. त्यांचंही हाफ होणार होतं. आम्ही ठरवलंही होतं की त्या दिवशी उगाच बीडला जायचं, दोन हाफ काढून. पण ते आधीच्या महिन्यातच गेले. सगळी ओळ हाफ झाली, ते मात्र शेवटपर्यंत फुल राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात नाही आलं, आता येतं, की गावातलं शेवटचं फुल तिकीट तेच होते.

त्यानंतर मी पहिल्यांदा एकटी गाडीत चढले. शहेबाजनं लांबूनच हाक दिली, “एक फुल...” आणि तिथंच थांबला. सवयीनं आलं रे तोंडात, त्याची चूक नाही. मग जवळ येऊन माझं तिकीट दिलं आणि नेकनूर येईपर्यंत पुढं बघत उभा राहिला. मी म्हटलं, मला फुल दे बाबा, मी भरते. तो म्हणाला, “मावशी, बाईला फुल दिलं तर मलाच जाब इचारतेत.” मी खिडकीशी बसत नाही. माझ्या जागेवरच बसते. खिडकीशी पिशवी ठेवते.

आता पत्राचं कारण. अण्णांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात, आणि साहेब तपासणीला येणार ते बरोबर आदल्या दिवशी, बीडहून दुपारच्या गाडीनं. तू नवी कार घेऊन येणार आहेस, गावात ती मिरवायची आहे, हे मला समजतं, आणि मिरवावीसही. पण कार योगिताकडं दे. ती तुझ्यापेक्षा चांगली चालवते, आणि बबनरावांना सुनेनं चालवलेली गाडी एकदा बघू दे. ती आणि माझी नात ऋतुजा पुढं येतील. तशीही दोघींची हाफच आहेत, त्यांचा आम्हाला उपयोग नाही. तू बीडला उतर. मी सकाळच्या गाडीनं येऊन स्टँडवर थांबते. एका तिकिटानं एसटी वाचत नाही, एवढं मलाही कळतं. नाहीच वाचली तर शब्द पाळीन, तुझ्यासोबतच पुण्याला येईन, आणि गेटवर उभी राहीन, तेवढं चालवून घे. पण त्या दिवशी तू तिसऱ्या बाकावर खिडकीशी बस. मी पिशवी उचलते. शहेबाजला आधी काही सांगायचं नाही, तुला बघून तो लांबूनच काय ओरडतो ते मला ऐकायचंय.

तुझीच,
आई