ट्रे धरून उभे असलेले चौघे

बाई, तुम्ही डच, मी साताऱ्याची, बोलणं सगळं इंग्रजीत. पण मनातल्या मनात तुम्हाला मी शाळेतल्यासारखं बाईच म्हणायचे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावाहून पाऊण तास ड्राइव्ह करून तुमच्या डचच्या वर्गाला यायचे, ते निम्मं जुन्या डच नाटकांसाठी आणि निम्मं, खरं सांगते, तुम्ही शाबासकी द्यावी म्हणून. गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून गुलाम कसे रंगवले, यावर तुम्ही पुस्तक लिहीत होतात. सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतल्या मळेवाल्याचं एक नाटक मी तीन महिने खपून इंग्रजीत आणलं, वर्गातल्या वाचनासाठी टाइप केलं. पुस्तकात तुमची जोडीदार मीच होणार, असं मी धरूनच चालले होते.

वाचनाचा दिवस. वर्गातली एकुलती एक काळी मुलगी मूळ नाटक पुढ्यात घेऊन बसली आहे. तिचं डच माझ्याहून कच्चं. ती विचारते, "पात्रांच्या यादीत शेवटी चार गुलाम आहेत. ते या इंग्रजी यादीतून कुठे गेले?" मी म्हणते, "त्यांना वाक्यंच नाहीत. नुसते ट्रे धरून उभे असतात." ती म्हणते, "माझी आजी जन्मभर लोकांच्या जेवणाच्या टेबलामागे अशीच उभी होती." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "यादीतल्या एका ओळीचं तर काम होतं," एवढंच बोललात आणि नाटकाची तुमची स्वतःची, खुणा केलेली प्रत तिच्या हातात दिलीत. माझा नुसता जळफळाट झाला. चूक माझी होती हे कळत होतं, त्यामुळे जास्तच. घरी नवरा म्हणाला, "अगं, एका ओळीसाठी इतकी अपसेट काय होतेस? सोड ना यार." त्याला काय सांगणार, ती प्रत मला हवी होती.

पुस्तकावर तुमच्या नावाशेजारी तिचं नाव आलं. मी ते विकत घेतलं, उघडलं मात्र नाही. तुमचे सगळे कागद आता तिच्याकडे असतात. हे पत्र पाठवायचं तर तिच्याच पत्त्यावर पाठवावं लागेल, म्हणून ते माझ्याकडेच राहील. तुम्ही गेलात तेव्हा फोनही तिचाच आला. रडत होती. शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझी आठवण काढलीत, काहीतरी म्हणालात, असं सांगू लागली. मी तिला मध्येच तोडलं. "मला कळलंय सगळं," म्हणाले आणि फोन ठेवला. मला काहीही कळलेलं नव्हतं, बाई. तुम्ही काय म्हणालात, ते अजूनही तिलाच माहीत आहे.